सायकली लातुरात पोचल्या तेव्हा

यंदा पुन्हा नळाला नुसती हवा येते आहे. पहाटे गल्लीतल्या बायका घागरी मांडून बसतात, नळ घशात काही अडकल्यासारखा खोकतो, दोन थेंब टाकतो आणि गप्प होतो. अर्धापूरकडून केळीच्या गाड्या कमी येतात, आणि येतात त्यांतल्या घडांची केळी बोटाएवढी. माझं परीक्षेचं वय आता सरलं. तरी मार्च लागला, डांबर मऊ झालं आणि त्यावरून सायकलच्या टायरचा तो चिकट आवाज ऐकला की छातीत काहीतरी सरकतं. अभ्यास राहून गेल्यासारखं. कुठल्या विषयाचा, ते मात्र कळत नाही.

परवा कॉलेजच्या भिंतीवर नवी जाहिरात पाहिली. उघड्यावर राहणाऱ्यांसाठी सायकल फेरी, आमच्या नांदेडहून निघणार. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. चांगलं आहे, असं म्हणावंसं वाटलं. फाडून टाकावी, असंही वाटलं. दोन्ही खरंच वाटलं.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा छापखान्यात जुळारी होते. आमच्या घराण्यात अक्षराला पहिला हात लावला तो त्यांनी, आणि तोही शिशाच्या उलट्या अक्षरांना. उरलेली पत्रकं घरी यायची. फळीवर तीच अंथरलेली, भाकरी बांधायला तीच, उन्हाळ्यात वारा घ्यायलाही तीच. मी वाचायला शिकलो ते जाहीर सभा, मोर्चा, धिक्कार, प्रचंड संख्येने या शब्दांवर. कमळाचा क मला उशिरा भेटला, कामगाराचा आधी. त्यामुळे दया या गोष्टीचा मला लहानपणापासून राग. दया वरून खाली येते आणि मागणी खालून वर जाते, एवढं साधं गणित माझ्याजवळ होतं, आणि ते मला पुरत होतं.

ते वर्षही असंच कोरडं होतं. लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. एसटीनं जाताना अहमदपूरच्या अलीकडे पलीकडे पाट्या दिसायच्या. त्यांवरचा जुना जिल्हा खरवडून नवा रंगवलेला, पण उन्हानं वरचा रंग उडाला की खालचं उस्मानाबाद पुन्हा डोकं वर काढायचं. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, साहेबांना बंगले हवे होते, बंगल्यांना कुंपणं हवी होती. हे सगळं बांधायला माणसं लागत होती, आणि ती दुष्काळानं भरपूर पुरवली. दिवसभर इतरांच्या भिंती उचलायच्या आणि दिवस मावळला की मोकळ्या मैदानात पटकूर अंथरायचं, अशी शेकडो माणसं तेव्हा लातुरात होती.

त्यांच्या डोक्यावर पत्रे घालावेत, त्यासाठी नांदेड ते लातूर सायकलीनं जावं आणि गावोगाव मदत गोळा करावी, ही कल्पना पत्की सरांची. ते आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आवाज कधी चढायचा नाही. मी त्यांच्या घरी भांडायला गेलो.

"सर, ही भीक आहे. सरकारचं काम आपण झोळी घेऊन का करायचं?"

"तू मोर्चा काढ ना," सर म्हणाले. "मी येतो. पण मोर्चा पोचेपर्यंत ती माणसं कशाखाली झोपतील, तेवढं सांग."

त्याच रागात मी फेरीत नाव घातलं.

माझ्याकडे सायकल नव्हती. नांदेडच्या इतवाऱ्यात रहीमचाचांचं किरायाच्या सायकलींचं दुकान होतं. त्यांनी फेरीला आठ सायकली फुकट दिल्या आणि वर स्वतःही यायला निघाले. म्हणाले, "तुम पढेलिखे लोग. चेन उतरली तर भाषण देत बसाल." मला त्यांनी सगळ्यात जड सायकल दिली. मी कुरकुरलो तर म्हणाले, "ही तुझ्यासारखीच हाय बेटा, ब्रेक लागत न्हाई."

निघायच्या आधी पंधराएक दिवस सर मला लातूरला घेऊन गेले, पत्रक लिहायचं तर डोळ्यांनी बघून लिही म्हणून. बसस्थानकापासून जवळच एक मोकळं मैदान होतं. तिथं गोणपाटाचे आडोसे, विटांवर ठेवलेली पेटी, दोरीवर वाळणारं एकच लुगडं, असा संसार मांडलेला. कडुलिंबाच्या थोड्याशा सावलीत एक बाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. पस्तिशीची असेल. नाव सोजरबाई.

"इथंच राहता?" मी विचारलं.

"राहते कुठली? बसते." तिनं सूप झटकलं. "राहणं येगळं असतंय, बाबा."

नवरा हैदराबादकडं गेला होता, दिवाळीनंतर, मुकादमाबरोबर, रस्त्याच्या कामाला. तिथलं काम संपलं आणि माणसं दुसऱ्या कामांवर पांगली, असं कुणी परत आलेल्यानं सांगितलं होतं. बाकी निरोप नाही. तिच्या गावातलं खोपट पडलं होतं, त्यामुळे तिकडे जाऊन उपयोग नव्हता.

"जाताना म्हणला, ह्या झाडाखाली ऱ्हा. हालू नको. मी आलो की हितंच येतो, दुसरीकडं गेलीस तर कुठं हुडकू तुला?" सोजरबाई म्हणाली. "बांधकामावरचा मुकादम म्हणतोय, तिकडं साइटवरच ये राहायला. पाणी हाय तिथं. पण म्या न्हाई गेले. तो यायचा हितं, अन् मी तिथं."

"त्यांचं नाव काय?"

ती नुसती हसली. शेजारच्या आडोशातल्या दोघी बायकाही हसल्या.

"मालकाचं नाव घेत्यात व्हय?"

माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. मी तिला तिथंच ऐकवलं. नाव घेतल्यानं काही होत नाही, ही गुलामी आहे, बायकांनी हे सोडलं पाहिजे. ती सगळं शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू म्हणतोस तसंच आसंल. पण नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतंय म्हणत्यात. घरात आसता तर घेतलं आसतं एखांद्या डाव. तो लई लांब हाय रे. उगं कशाला."

मी वहीत लिहिलं: अज्ञान. त्या वहीतला तो शब्द आजही माझ्याकडे बघतो.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. लातूरच्या बसस्थानकाजवळच्या मैदानात, कडुलिंबाखाली, सोजरबाई नावाची आपली बहीण उघड्यावर बसली आहे, अशी सुरुवात. बाबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सारला.

"ठिकाण ठळक टाकू," ते म्हणाले. "ठिकाण नसलं की लोक म्हणतात, पोरानं घरी बसून रचलंय."

आमच्या घरात हा नियमच होता. शोषण कुठे झालं, कुणावर झालं, ते स्पष्ट लिहायचं, झाकायचं नाही. बाबांनी मैदानाचं वर्णन मोठ्या टायपात जुळवलं, सोजरबाईचं नाव त्याहून एक माप मोठं. ओली शाई नाकाशी धरून मी वास घेतला. माझं इतकं चांगलं पत्रक त्याआधी झालं नव्हतं. ते आम्ही सगळीकडे धाडलं, लातुरातल्या स्वागत समितीला तर गठ्ठाच.

उजाडता उजाडता निघालो. पंचवीस-तीस सायकली. विष्णुपुरीपाशी गोदावरी दिसली, म्हणजे वाळू दिसली आणि वाळूच्या मधोमध थोडी गोदावरी. तिथपर्यंत आम्ही घोषणा देत होतो. लोहा मागं पडलं तसे ओठ सुकले आणि घोषणा आपोआप बंद झाल्या. मग नुसत्या चेनींचा आवाज, आणि उन्हात तडकणाऱ्या शेंगांचा.

बाभळीचे काटे रस्त्यावर आलेले. पहिलं पंक्चर माझंच. पंक्चर काढायला घमेलंभर पाणी लागतं, ट्यूब त्यात बुडवली की बुडबुडे सांगतात भोक कुठं आहे. एका घरापुढे मी पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्याभर आणून दिलं. मी ते घमेल्यात ओतायला लागलो तशी ती किंचाळली.

"अगं बया! प्यायला म्हणून दिलं, अन् तू रबराला पाजतोस?"

रहीमचाचांनी माझ्या हातून तांब्या घेतला, म्हातारीला परत दिला, "माफ करा अम्मा, शहरातला हाय" म्हणाले. मग ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती गालाजवळून हळूहळू फिरवत नेली, डोळे मिटून. एका जागी थांबले. "इथं. बारीक फुंकर लागून राहिली." त्यानंतर दोन दिवसांत जितकी पंक्चरं झाली तितकी त्यांनी गालावर शोधली. संध्याकाळी त्यांचा डावा गाल काळा झालेला असायचा.

गावात शिरलो की आमच्यातले चौघे चादरीची चार टोकं धरून पारापाशी उभे राहायचे. सर बोलायचे, मी पत्रकं वाटायचो. लोक चादरीत नाणी टाकायचे, पसाभर ज्वारी टाकायचे. एका बाईनं वापरलेलं पण धुतलेलं झंपर टाकलं. ज्यांच्या स्वतःच्या विहिरीला तळ दिसत होता ती माणसं टाकत होती, आणि मला कळेना की याचा मला आनंद व्हायला हवा की लाज वाटायला हवी. लोह्याच्या पुढं एका गावात एक माणूस पत्रक वाचून माझ्याकडे आला.

"तुम्ही कुणासाठी मागून राहिलात हे?"

"लातुरात उघड्यावर राहणाऱ्यांसाठी."

"आमच्याच गावची हायत की तिथं. आठ घरं गेलीत." तो हसला, पण हसण्यात हसू नव्हतं. "म्हंजे आमच्याकडून घेऊन आमालाच देणार. बरं हाय. मधी सायकली कशाला घातल्या?"

त्यानंही चादरीत काहीतरी टाकलं. मी सरांकडे पाहिलं. सर चादरीकडे पाहत होते.

अहमदपूरला शाळेत मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी चाकूर मागं टाकलं तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. पण डोळ्यांपुढे ते कडुलिंबाचं झाड होतं. सोजरबाईला पत्रक दाखवायचं, तिचं नाव तिला वाचून दाखवायचं, असं मी घोकत होतो. ती कदाचित लाजेल, असंही वाटत होतं.

लातुरात शिरताना कमान होती. बँड होता. रस्त्याच्या कडेला शाळेच्या मुली हातात फुलं घेऊन उन्हात उभ्या. आणि आम्हाला वाजतगाजत नेलं ते त्याच मैदानात. मी ओळखलंच नाही. मांडव, व्यासपीठ, कर्णे, खुर्च्यांच्या रांगा. धूळ उडू नये म्हणून टँकरनं सडा मारलेला. त्या उन्हाळ्यात, त्या गावात, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि त्याचा तो मातीचा वास. मला तो वास आवडला. हे लिहिताना हात अडतो आहे, पण क्षणभर खरंच आवडला.

मग कडुलिंब दिसला. त्याच्या बुंध्याला कर्ण्याची तार बांधली होती. खाली कुणी नव्हतं.

स्वागत समितीतले एक गृहस्थ बिल्ला लावून पुढे आले. त्यांचा चेहरा उत्साहानं फुललेला. "काय, जागा कशी आहे? तुमच्या पत्रकातच होती की. ठळक छापलेली! म्हटलं, कार्यक्रम तिथंच झाला पाहिजे."

"इथली माणसं?"

"हलवली ना. व्यवस्थित, ट्रकनं. कार्यक्रमापुरतं हो. तेवढी बसली असती तर मांडव कुठं घालणार?"

"कुठं हलवली?"

"औशाच्या रस्त्याला. तिकडं चांगली मोकळी हवा आहे."

तो माणूस खलनायक असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. पण आमच्या जेवणासाठी घरोघर फिरून पोळ्या गोळा केल्या होत्या त्या यानंच. आमच्यातल्या एकाला चक्कर आली तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला तोही हाच.

मला बोलायला उभं केलं. मी कर्ण्यात ओरडलो, "ज्यांच्यासाठी आम्ही आलो, ती माणसं कुठं आहेत? सांगा, ती माणसं कुठं आहेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना ते भाषण वाटलं. मी पुन्हा विचारलं, आवाज फुटेपर्यंत. पुन्हा टाळ्या. पत्की सरांनी गळ्यातला हार काढून हातात धरला होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मी खाली उतरलो, सायकल घेतली. रहीमचाचा काही न विचारता मागून निघाले.

औशाच्या रस्त्याला, उतरवलेल्या माणसांत, त्या दोघी शेजारणी सापडल्या. बाकीची पांगली होती. कुणी बांधकामावर गेलं होतं, कुणी दुसऱ्या गावाला. सोजरबाई?

"ती ट्रकात बसंना. चढवली तर वाटंत, ट्रक हळू झाल्याबरुबर, उडी टाकून उतरली," एक म्हणाली. "कालच्याला."

"मग गेली कुठं?"

"कुठं जाती? माघारी."

माघारी म्हणजे मैदानात. आम्ही संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्यांनी फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेलो तेव्हा मांडव उतरवत होते. बांबू सोडणाऱ्या मजुराला विचारलं, इथं कुणी बाई आली होती का.

"बाईला काल हाकललं वाटतं समितीवाल्यांनी, मांडवात शिरत व्हती म्हणून." तो दोरी दातानं सोडत म्हणाला. "त्याच्या आधी, मांडव घालताना, एक बाप्या माणूस आला व्हता. हितली माणसं कुठं गेली म्हणला. म्या सांगितलं, नेली समदी. गेला."

"कसा होता दिसायला?"

"हातात बल्ली व्हती, भाऊ. तोंड कुठं बघत बसू?"

"नाव?"

"त्यानं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई."

नाव सांगितलं असतं तरी काय? मला तिच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. तिनं ते जपून ठेवलं होतं, जिभेवरसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आणि तिचं नाव मी दोन जिल्ह्यांत वाटून आलो होतो.

ती दुपारच्या आत आली. पायांत काही नव्हतं, डोक्यावर बोचकं. सरळ झाडाखाली गेली, बुंध्याची तार हातानं बाजूला सारली आणि बसली. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"कुणी आलं व्हतं का रे?"

मी मनात म्हणत होतो, नाही म्हण. खात्री कुठं आहे? कुणीही असेल तो माणूस. तिला कशाला जाळायचं? पण मी ज्या घरात वाढलो तिथं खोटं छापत नाहीत. आणि हे खरं सांगणं तिच्यासाठी होतं की माझ्या घराण्याच्या रीतीसाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. मी सांगितलं. एक जण आला होता. कोण, माहीत नाही.

तिचे हात बोचक्याच्या गाठीवर थांबले. "डाव्या पायानं लंगडत व्हता का?"

मी धावत मांडववाल्याकडे गेलो. गाडी भरून ते निघून गेले होते. मोकळ्या मैदानात खड्डे तेवढे राहिलेले, बांबूंचे.

परत आलो. मांडववाले गेले, एवढंच तिला सांगितलं. मग मीच पत्रक काढलं, का काढलं कुणास ठाऊक, आणि म्हणालो, यात तुमचं नाव होतं, तुमची जागा होती, चांगल्यासाठी छापलं होतं.

तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "चांगलं केलंस," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पण त्याला वाचाया कुठं येतंय?"

रहीमचाचा लांब सायकलीला टेकून उभे होते. त्यांनी आपल्या फडक्यातल्या दोन पोळ्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. मला म्हणाले, "चल. तुझे पेपर हायेत." मी हललो नाही. तेव्हा तीच म्हणाली, "जा बाबा. मी हाय हितं. मी कुठं जाते?"

मी गेलो. पेपर दिले. अर्थशास्त्राच्या पेपरात दारिद्र्याची कारणं विचारली होती, मी पाच लिहिली. मला चांगले गुण मिळाले.

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते शिशाच्या अक्षरांचे खिळे चाळत बसले. मग म्हणाले, "ठिकाण टाकायला नको होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण न टाकून कसं चालेल?" मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठला खिळा उचलावा ते सुचलं नाही.

परीक्षा संपल्यावर मी एसटीनं लातूरला गेलो. मैदानाच्या कडेला पत्रे उभे राहिले होते. आमच्या फेरीचे. पत्की सरांनी शब्द पाळला होता, पाठपुरावा करून उभे करवले होते. त्यांच्याखाली माणसं होती, एक लेकरू सावलीत गाढ झोपलं होतं. माझ्या मागण्यांनी तोवर एकाही लेकराला सावली दिली नव्हती, हे मी तिथं उभा राहून मान्य केलं. आणि कडुलिंबाखालची जागा रिकामी होती, हेही.

समोर चहाची टपरी होती. तिचा मालक सोजरबाईला ओळखत होता.

"गेली की. आठ दिस झाले. एक जण आला अन् घेऊन गेला."

"कोण? नवरा?"

"आता मी काय इचारणार? मुकादम बी येत्यात बाया न्यायला. भाऊ बी येत्यात. आला, झाडाखाली बसला जरा येळ, दोघं बोलली. मग निघाली. ती म्होरं, तो मागं."

"रडत होती का? हसत होती?"

"पदर व्हता तोंडावर. ऊन काय कमी व्हतं व्हय?"

मी विचारू का नको करत होतो. शेवटी विचारलं. "तो माणूस डाव्या पायानं लंगडत होता का?"

टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता हात थांबवला. त्यानं खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे मी पाहिलं.

"दोघांच्या बी डोक्यावर वझं व्हतं, भाऊ," तो म्हणाला. "वझ्याखाली कोण लंगडत न्हाई?"

या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यानं पुन्हा बिऱ्हाडं चालली आहेत, डोक्यावर पेट्या, बोचकी, पातेली. मी दारात उभा राहतो. चेहरे बघत नाही. प्रत्येकाचा डावा पाय बघतो. तो जरा ओढल्यासारखा पडतो, आणि मला वाटतं, हाच. मागचा येतो, त्याचाही तसाच पडतो.